गुडघेदुखीत ‘किती चालायचं’ याआधी ‘कसं चालायचं’ हे का बघत नाही?

लंबरेषा
सकाळी पुण्यात सारसबागेत किंवा तळजाई टेकडीवर दहा मिनिटं बाकावर बसलं तरी दिसतं. एक गुडघा ताठ धरून, दर पावलाला झोके खात, तरीही घड्याळातला आकडा गाठायचाच म्हणून वेगाने फेऱ्या मारणारी मंडळी. दुसऱ्या बाजूला ‘झीज झालीय, आता चालू नका’ हे ऐकून घरी बसलेले. दोघांचंही नुकसान होतंय असं माझं स्पष्ट मत आहे, आणि दोघांनाही कुणी त्यांची चाल बघून सांगितलेलं नसतं.

मुद्दा असा. पाऊल टेकलं की जमीन वर ढकलते. त्या जोराची रेषा तळपायातून निघून शरीराच्या मध्याकडे झुकते, म्हणजे गुडघ्याच्या मधोमध न जाता आतल्या अंगाने जाते. त्यामुळे सांध्याची आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची उघडायला बघते. सपाटीवर चालताना गुडघ्यावरच्या एकूण भारापैकी साधारण ६० ते ७० टक्के सांध्याच्या आतल्या अर्ध्यावर, म्हणजे आतल्या कप्प्यावर येतो तो यामुळे. ही रेषा गुडघ्यापासून किती लांब, गुणिले जोर किती, याला अ‍ॅडक्शन मोमेंट म्हणतात.

७० किलोच्या माणसाचा हिशोब घ्या. पाऊल टेकताना जोर वजनापेक्षा थोडा जास्त, सुमारे ७५० न्यूटन. रेषा गुडघ्याच्या मध्यापासून ४ सेंटीमीटर आत असेल तर मोमेंट ३० न्यूटन-मीटर. पाय बाहेर वाकलेले असून तेच अंतर ५ सेंटीमीटर झालं की साडेसदतीस. वजन तेच, फेऱ्या तेवढ्याच, मोमेंट सव्वापट. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात रुग्णांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. सुरुवातीचा मोमेंट ‘वजन गुणिले उंची’च्या १ टक्क्याने जास्त असेल तर झीज वाढण्याची शक्यता सुमारे साडेसहा पट निघाली. आपल्या ७० किलोच्या, १६० सेंटीमीटर उंचीच्या माणसासाठी हा १ टक्का म्हणजे फक्त ११ न्यूटन-मीटर!

तर प्रश्न: ही रेषा घरच्या घरी, रोजच्या चालण्यात, कशाने सरकवता येते? पाऊल वळवून, काठीने, चपलेने, पावलाची लांबी बदलून? जाणकारांनी आकड्यांसह लिहावं.

सदाशिव_३०
उत्तम धागा, वाचनखूण साठवली. पण मग ‘गुडघ्यातलं वंगण संपलं’ म्हणतात ते काय?

हाडांची_गोष्ट
@सदाशिव_३०, वंगण संपत नाही. उलट दुखऱ्या गुडघ्यात सूज येते तेव्हा पाणी जास्तच झालेलं असतं. कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तरात, रक्तवाहिन्या नसतात. दाबली गेली की तिच्यातला द्रव बाहेर जातो, सोडली की आत येतो, तिचं पोषण याच मार्गाने होतं. म्हणून चालणं बंद करणं हा उपाय नाही. एक्स-रे मात्र उभं राहून, पायावर वजन घेऊनच काढा. झोपून काढलेल्यात फट खोटी रुंद दिसते आणि पाय किती वाकलाय तेही कळत नाही.

धागाकर्त्यांना एक दुरुस्ती. वरचं सगळं आतल्या कप्प्याच्या झिजेला लागू. आपल्याकडे बहुतेकांची तीच असते हे खरं, पण ज्यांचे गुडघे आत एकमेकांना घासतात आणि झीज बाहेरच्या कप्प्यात आहे त्यांच्यासाठी जवळजवळ प्रत्येक सल्ला उलटा होतो. ज्यांना फक्त वाटीच्या मागे दुखतं, जिने उतरताना आणि खुर्चीतून उठताना, त्यांचं गणित तिसरंच. त्यामुळे खालचे प्रतिसाद वाचून प्रयोग सुरू करण्याआधी आपला कप्पा कोणता ते माहीत करून घ्या.

टाचेचा_कोन
पाऊल वळवण्याबद्दल. टाच टेकल्यानंतर लगेच एक आणि पाऊल उचलायच्या आधी दुसरं, अशी मोमेंटची दोन शिखरं असतात. बोटं थोडी आत वळवली की बहुतेकांचं पहिलं शिखर उतरतं, बाहेर वळवली की दुसरं. कुणाला काय लागू पडेल हे माणसागणिक बदलतं, आणि चुकीच्या बाजूला वळवलं तर भार वाढतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये लॅन्सेट ऱ्हुमॅटॉलॉजीत याची वर्षभराची चाचणी आली, ६८ जणांची. प्रत्येकाला प्रयोगशाळेत चालवून त्याच्यासाठी आत की बाहेर, ५ अंश की १० अंश, हे ठरवलं. नडगीला कंप देणारं यंत्र बांधून आठवड्याला एक अशी सहा सत्रं शिकवलं, घरी रोज किमान २० मिनिटांचा सराव. ज्यांची चाल बदलली त्यांचं दुखणं नुसती लुटुपुटूची शिकवण मिळालेल्या गटापेक्षा जास्त कमी झालं, आणि एमआरआयमध्ये कूर्चेचा ऱ्हास मंदावल्याची खूण दिसली. ज्यांचा भार कोणत्याच कोनात पुरेसा उतरत नव्हता त्यांना चाचणीत घेतलंच नव्हतं, हे बातम्यांत येत नाही.

घरी निदान आपला आत्ताचा कोन तरी मोजता येतो. शहाबादी फरशीवर ओल्या पायाने नेहमीच्या चालीने जा. फरश्यांची सांध ही सरळ रेषा समजा आणि तिला समांतर चाला. मधले पाच-सहा ठसे खडूने आखा, पहिले दोन आणि शेवटचे दोन सोडून द्या, कारण निघताना आणि थांबताना पाऊल वेगळं पडतं. टाचेच्या मध्यापासून दुसऱ्या बोटापर्यंत रेघ ओढा आणि सांधीशी तिचा कोन कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजा. बहुतेकांचा ५ ते १० अंश बाहेर येतो. दोन पायांत मोठा फरक असेल तर ते फिजिओला जरूर सांगा.

५ अंश म्हणजे किती? २४ सेंटीमीटरच्या पावलात टाच जागेवर ठेवून पुढचं टोक २ सेंटीमीटर सरकतं, बस. आणि वळवायचं ते खुब्यापासून, अख्खा पाय, वाटीसकट. नुसता घोटा वळवला तर आठवड्यात घोट्याची आतली बाजू किंवा पोटरी दुखायला लागते.

आधारकाठी
पाऊल वळवायला प्रयोगशाळा लागते, काठीला लागत नाही. तरी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चुकीचा वापरला जाणारा उपाय हाच. सविस्तर लिहिते.

हात: दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात. एका पायावर उभं असताना शरीराचं बाकीचं वजन दुसऱ्या बाजूला लटकत असतं. काठी ते तिकडूनच उचलते, म्हणून जमिनीच्या जोराची रेषा गुडघ्याजवळ येते. दुखऱ्या बाजूच्याच हातात काठी धरणारे रस्त्यावर सर्रास दिसतात. त्यात हा फायदा मिळत नाही, काही मोजमापांत तर आतला भार वाढलेला आढळलाय.

उंची: रोजची चप्पल घालून ताठ उभं राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. मग काठी धरल्यावर कोपर २० अंशांच्या आसपास वाकतं. काठी उंच असेल तर खांदा कानाकडे जातो आणि मान धरते. बुटकी असेल तर माणूस पुढे झुकतो.

ताल: काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी जमिनीवर. काठी पावलाच्या बाजूला, वीतभर अंतरावर. फार पुढे टाकली तर ती नुसती शोभेची, वजन येतच नाही.

दाब: इथेच सगळे चुकतात. काठी टेकवायची नाही, दाबायची. साधारण वापरात मोमेंट १० टक्क्यांच्या आसपास उतरतो आणि जितकं जास्त वजन काठीवर तितका जास्त उतरतो. घरचा वजनकाटा घ्या, त्यावर काठी टेका आणि ७ किलो दिसेपर्यंत दाबा. ७० किलोच्या माणसाचं हे १० टक्के. दहा-बारा वेळा केलं की हाताला तो दाब कळतो. मग हळूहळू १० किलोपर्यंत जा. मनगट दुखलं तर गोल मुठीऐवजी रुंद, तळहाताला टेकणारी मूठ घ्या.

जिना: चढताना आधी चांगला पाय, मग दुखरा आणि काठी. उतरताना आधी काठी आणि दुखरा, मग चांगला. पीएमपी बसच्या उंच पायरीलाही तोच क्रम, दांडा दुसऱ्या हातात.

तळजाई_पहाटे
हे सगळं मान्य, पण साठीच्या आतली माणसं काठी हातात धरत नाहीत. म्हातारपण जाहीर झाल्यासारखं वाटतं. ट्रेकिंगचे दोन पोल चालतील का?

वेताळटेकडी
सपाटीवर दोन पोल पुढे-मागे झुलवत चालण्याने आतल्या कप्प्याचा मोमेंट उतरत नाही, असंच मोजमापांत दिसलंय. एकच पोल विरुद्ध हातात धरून आधारकाठी यांनी सांगितलं तसा दाबला तर तो काठीच झाला. तसा जरूर वापरा, रंगीत असतो, लाज वाटायचं कारण नाही.

उतारावर चित्र बदलतं. निरोगी माणसांवरच्या प्रयोगात २५ अंशांच्या उतारावर पोल वापरल्याने गुडघ्यावरचे जोर १२ ते २५ टक्के कमी मिळाले. सिंहगड उतरताना दोन्ही पोल लांब करून पुढे टेकायचे, ते याचसाठी.

चढ-उताराचे आकडेही इथे नोंदवतो. बर्लिनमध्ये काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यातच मोजणी यंत्र बसवून भार नोंदवला गेला, २०१० साली प्रसिद्ध झाला. सपाटीवर चालताना वजनाच्या २.६ पट, जिना चढताना ३.२ पट, उतरताना जवळजवळ साडेतीन पट. ७० किलोच्या माणसाला उतरताना प्रत्येक पायरीला २४० किलो. पर्वतीच्या १०३ पायऱ्या ‘चढताना दम लागतो, उतरताना काही नाही’ म्हणून लोक दणादण उतरतात, तिथे गुडघा भरडतो. कठडा धरा, एकेक पायरी घ्या, दुखरा पाय आधी. वेताळ टेकडीवर सरळ उतरण्याऐवजी नागमोडी आणि आखूड पावलं.

हाडांची_गोष्ट
थोडा थंड पाण्याचा हबका. मोमेंट कमी झाला म्हणजे सांध्यावरचा दाब कमी झाला असं नाही, आणि दाब कमी झाला म्हणजे दुखणं कमी झालं असंही नाही.

पहिलं: गुडघ्यावरचा बराच भार स्नायूच टाकतात. गुडघा आत ढकलून चालण्याची एक पद्धत शिकवली जाते. तिने अ‍ॅडक्शन मोमेंट छान उतरतो, पण गुडघा जास्त वाकलेला राहतो, मांडीचा पुढचा स्नायू जास्त ओढतो आणि एकूण दाब होता तिथेच. धड दुखऱ्या बाजूला झुकवून चालण्यानेही मोमेंट बराच उतरतो. किंमत कंबर आणि खुबा मोजतात.

दुसरं: मांडीचे आणि खुब्याचे व्यायाम. यांनी दुखणं कमी होतं हे पुन्हा पुन्हा सिद्ध झालंय, मोमेंट मात्र जवळजवळ हलत नाही. म्हणजे भाराचं गणित बाजूला ठेवूनही माणूस बरा होतो. धाग्यात सगळा भर रेषेवर आहे, तो मला एकांगी वाटतो.

लंबरेषा
मान्य, आणि व्यायाम सोडा असं कुणी म्हणू नये. पण दुखणं आज किती आहे आणि पाच वर्षांनी सांधा कुठे असेल हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पाय बाहेर वाकलेला असताना झीज वाढायची शक्यता चौपट असल्याचं २००१ च्या अमेरिकन अभ्यासात दिसलं, ती व्यायामाने पुसली जात नाही. दोन्ही करावं.

चपलाकार
पादत्राणांवर कुणी लिहीत नाहीये म्हणून लिहितो. हाडांची_गोष्ट यांच्या मुद्द्याला याहून चांगला दाखला नाही.

२००६ च्या अमेरिकन मोजमापात अनवाणी चालताना मोमेंट नेहमीच्या बुटांपेक्षा सुमारे १२ टक्के कमी मिळाला. पातळ, लवचिक, सपाट चपलांतही भार कमी मिळाला. साहजिकच सगळे म्हणाले, सपाट वापरा. मग २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात गुडघेदुखीवाल्यांना सहा महिने प्रत्यक्ष घालायला दिले: एका गटाला सपाट लवचिक, दुसऱ्याला भक्कम आधाराचे. दुखणं भक्कम बुटांच्या गटात जास्त कमी झालं!

मग काय घ्यायचं? वादात नसलेलं आधी. उंच टाच नको: १९९८ च्या मोजमापात उंच टाचेने हाच मोमेंट २३ टक्के वाढलेला होता. टाच अंगठ्याच्या रुंदीपेक्षा उंच नको. मागे पट्टा किंवा बंद टाच हवी. अंगठ्याच्या स्लीपरमध्ये बोटं आवळून चालावं लागतं आणि पाऊल घसटतं. कोल्हापुरी सपाट आहे हे खरं, पण टाच धरत नाही आणि ओल्या फरशीवर सटकते, लांब फेरीला नको.

जुने बूट उलटे करून बघा. बाहेरच्या कडेला टाच झिजून तिरकी झाली असेल तर तो तिरका बूट पायाला आणखी बाहेर कलवतो. टेबलावर ठेवून मागून डोळ्याच्या पातळीवर बघितलं की लगेच दिसतं. असा बूट टाकून द्या किंवा टाच बदलून घ्या.

बुटात बाहेरून उंच पाचर घालण्याबद्दल: ५ अंशांसाठी ६ सेंटीमीटर रुंद टाचेखाली बाहेरच्या कडेला ५ मिलिमीटर, आतल्या कडेला शून्य. कडक रबर हवं, मऊ फोम दोन दिवसांत दबतो. मोमेंट ५-६ टक्के उतरतो. दुखण्यावर मात्र, साध्या सपाट आतल्या तळाशी तुलना केलेल्या चाचण्यांत, फरक मिळत नाही. शिवाय ज्यांचे तळवे सपाट आहेत त्यांचा घोटाही दुखतो. मी सरसकट सुचवणार नाही.

सदाशिव_३०
सपाट जमिनीवर चाला म्हणता, पण पुण्यात सलग १०० मीटर सपाट फूटपाथ कुठे सापडला तर लोकेशन टाका. रस्त्याच्या कडेने चालावं तर रस्ता कडेला उतरता. एक पाय कायम खाली. त्याने बिघडतं का?

टाचेचा_कोन
पाणी वाहून जायला रस्त्याला साधारण २ ते ३ टक्के उतार देतात. अडीच टक्के म्हणजे दीड अंशसुद्धा नाही. जाताना एका कडेने आणि येताना त्याच कडेने आलात तर तेही फिटतं. खरा त्रास उखडलेल्या पेव्हर ब्लॉकचा आणि बंगल्यांच्या फाटकांपुढच्या उतरत्या रॅम्पचा. तिथे पाऊल अचानक वाकडं पडतं, स्नायू सगळे एकदम आवळतात आणि आवळलेल्या स्नायूंचा दाब सांध्यावरच येतो. त्यापेक्षा मैदान किंवा बागेतली फिरती वाट. फक्त गोल ट्रॅकवर दिशा दर काही फेऱ्यांनी बदला.

आधारकाठी
पावलाची लांबी आणि वेग राहिलं. जलद चाललं की शिखर वाढतं. हळू चाललं की शिखर उतरतं पण पाय जमिनीवर जास्त वेळ राहतो. मधला मार्ग असा: वेग तोच, पावलं आखूड, संख्या जास्त. एका मिनिटात पावलं मोजा. १०० असतील तर फोनमधला मेट्रोनोम (ठरावीक तालात टिकटिक करणारं अ‍ॅप) ११० वर लावा आणि दर टिकला पाऊल टाका. टाच शरीराच्या फार पुढे पडत नाही, धक्का कमी बसतो. वाटीमागे दुखणाऱ्यांना हे विशेष लागू पडतं.

ताठ गुडघ्याने चालणाऱ्यांबद्दल लंबरेषा यांनी सुरुवातीला लिहिलंय. दुखतं म्हणून माणूस मांडीचे पुढचे-मागचे दोन्ही स्नायू एकदम आवळतो. गुडघा धक्का झेलायला वाकत नाही आणि दोन्हीकडून दाब वाढतो. दुसरीकडे बऱ्याच जणांचा गुडघा पूर्ण सरळच होत नाही, ५-१० अंश वाकलेला राहतो. मग उभं राहतानाही मांडीला सुट्टी नाही. तपासायचं असं: गादीवर नाही, जमिनीवर पाय पसरून बसा. गुडघ्याखालून तळहात सहज सरकत असेल आणि दुसऱ्या पायाखाली सरकत नसेल तर कमतरता आहे. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा खाली दाबा, ५ सेकंद, दहा वेळा, दिवसातून दोनदा. दुखरी कळ नको, ताण चालेल.

तळजाई_पहाटे
आणि वजन? सगळे तंत्रावर बोलतायत.

वेताळटेकडी
त्याचा आकडा सर्वांत पक्का आहे. नॉर्थ कॅरोलिनातल्या २००५ च्या अभ्यासात १ किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने उतरलेला मिळाला. ५ किलो म्हणजे पावलाला २०. काठी, कोन, बूट, काहीही वापरत असलात तरी हा फायदा त्याच्या वर.

सदाशिव_३०
मग शेवटी रोज किती चालायचं? धागा ‘कसं’ वर आहे, पण घरी विचारणार ‘किती’ हेच.

हाडांची_गोष्ट
गुडघेदुखी असलेल्यांच्या २०१४ च्या अभ्यासात रोज ६००० पावलांच्या आसपास चालणाऱ्यांच्या हालचाली पुढच्या दोन वर्षांत कमी खालावल्या. दहा हजारांचा हट्ट नको. सलगही नको, दोन हजारांचे तीन तुकडे चालतील. चालताना थोडं दुखलं तर हरकत नाही. मात्र दुखणं २४ तासांत नेहमीच्या पातळीवर यायला हवं. आलं नाही तर पुढच्या दिवशी अंतर एक तृतीयांश कमी करा, बंद नको. गुडघा गरम लाल होणं, अचानक सुजणं, अडकणं, चालताना दगा देणं, रात्री विश्रांतीतही ठणकणं, यातलं काही असेल तर चालीचे प्रयोग थांबवून आधी डॉक्टर.

लंबरेषा
सगळ्यांचे आभार. एक सूचना माझीही. एका वेळी एकच बदल करा आणि त्याला निदान तीन-चार आठवडे द्या. काठी, नवे बूट आणि आत वळवलेलं पाऊल एकाच सोमवारी सुरू केलं तर खुबा दुखायला लागल्यावर कशामुळे ते कळत नाही. दुसरा गुडघा, खुबा आणि कंबर यांच्यावरही लक्ष ठेवा, भार कुठे तरी जातोच. फोनवर मागून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्यायला घरच्यांना सांगा, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर. पाऊल टेकताना गुडघा झटक्याने बाहेर फेकला जाताना दिसला तर तो व्हिडिओ घेऊन फिजिओकडे जा. हा झटका ज्यांच्यात असतो त्यांची झीज वेगाने वाढते.

तळजाई_पहाटे
काठी घ्यायचं नक्की केलंय घरी. खालचं रबर किती दिवसांनी बदलायचं?

आधारकाठी
दिवसांवर नाही, खाचांवर. रबराच्या तळाला गोल वळ्या असतात. त्या एका कडेला पुसल्या गेल्या की बदला, पावसाळ्याच्या आधी तर बघाच. धातूची कड रबरातून वर आलेली असेल तर त्याच दिवशी. सर्जिकलच्या दुकानात मिळतं, पण जाताना काठी सोबत न्या. नळीची जाडी वेगवेगळी असते, आणि सैल बसलेलं रबर ओल्या जिन्यावर निसटतं.